टेप ड्राइव्हची खोली किती थंड हवी? (एसी २७ वर न्यायचा प्रस्ताव आलाय)

रिळवाला
मंडळी, एका वादात मत हवंय.

आमच्या सर्व्हर खोलीचा एसी आजवर २१ अंशांवर असायचा. आता विजेचा खर्च कमी करायचं ठरलंय. सर्व्हर सांभाळणाऱ्या मंडळींचा प्रस्ताव असा: दिवसा २७ अंश, आणि रात्री व सुट्टीच्या दिवशी भार नसतो तेव्हा एसी बंदच. खोली तापली तरी ३२-३३ च्या पुढे जात नाही, सर्व्हर ३५ पर्यंत चालतात, मग अडचण कसली?

याच खोलीत रॅकमध्ये छोटी टेप लायब्ररी (टेपची कार्ट्रिजं, म्हणजे डब्या, ठेवणारं आणि ड्राइव्हमध्ये आपोआप घालणारं कपाट) आहे, एलटीओ-८ चे (एलटीओ या बॅकअप टेपच्या प्रकाराच्या आठव्या पिढीचे) दोन ड्राइव्ह असलेली. शिवाय टेबलावर एक सुटा ड्राइव्ह, जुन्या टेप वाचायला. बॅकअप माझ्याकडे. ड्राइव्हचं मॅन्युअल उघडलं तर तिथेही १० ते ३५ अंश लिहिलेलं. म्हणजे भांडायला कागदाचा आधार नाही, पण मन मानत नाही.

टेप ड्राइव्हला सर्व्हरपेक्षा वेगळं काही लागतं का? लागत असेल तर ते ड्राइव्हला लागतं की कार्ट्रिजला?

एकओळी
टेप? अजून?

शीतलहर
सरळ उत्तर: जितकं थंड तितकं चांगलं. १८ वर ठेवा आणि विसरा. इलेक्ट्रॉनिक वस्तू थंडीने मेलेली मी पाहिलेली नाही.

निशाचर
मला एक कळलं नाही. "रात्री भार नसतो" म्हणे. अहो, बॅकअप रात्रीच चालतो ना? म्हणजे टेप ड्राइव्ह ज्या वेळी सर्वांत जास्त राबणार, नेमका त्याच वेळी एसी बंद. प्रस्ताव लिहिणाऱ्याने टेप लायब्ररीकडे पाहिलेलंच नाही, एवढं त्यातून कळतं.

रिळवाला
@निशाचर, अगदी हेच बैठकीत म्हणालो. उत्तर आलं, "ड्राइव्ह ओढून ओढून किती वॅट ओढणार?"

खटपट्या
वॅटचं म्हणणं चूक नाही. एलटीओ ड्राइव्ह सर्व्हरच्या मानाने फारच कमी वीज खातो, तीसेक वॅटच्या घरात धरा. पण तो बंदिस्त डबा आहे. आत मोटारी, आत हेडवरून सेकंदाला कित्येक मीटर टेप घासत जातेय, आणि ती उष्णता बाहेर काढायला मागे एक टीचभर पंखा. सर्व्हरमध्ये तापमान वाढलं की पंखे गर्जना करत सुटतात. इथे तशी फारशी सोय नाही. पुढून जी हवा येईल तिच्यावर भिस्त.

आर्द्रा
इथे दोन-तीन गोष्टींची सरमिसळ होतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

१० ते ३५ (काही ड्राइव्हना ४०) ही ड्राइव्हची चालण्याची मर्यादा. कार्ट्रिजची चालण्याची मर्यादा उलट जास्त आहे, १० ते ४५. त्यामुळे आकडे पाहून वाटतं की टेप बिचारी सोशिक आहे. पण त्याच तक्त्यात खाली एक ओळ असते आणि ती कोणी वाचत नाही: वेट बल्ब तापमान (ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर दाखवतो ते, म्हणजे उष्णता आणि ओल यांचा एकत्र आकडा) कमाल २६ अंश. आर्द्रतेची मर्यादा ८० टक्के लिहिलेली असते, म्हणून लोक समजतात ३५ अंश आणि ८० टक्के दोन्ही एकदम चालेल. नाही चालत. ३५ अंशांना आर्द्रता ५० टक्क्यांच्या जवळ गेली की वेट बल्ब २६ ला टेकतो. ३० अंशांना ७२-७३ टक्क्यांवर टेकतो. रिळवाला, तुमचा एसी बंद झाला की तापमान आणि ओल दोन्ही एकत्र चढणार, कारण एसी नुसता गार करत नाही, हवेतलं पाणीही काढतो. प्रस्तावात आर्द्रतेचा शब्दही नसणार, पैज लावते.

आणि ही सगळी "चालेल" अशी मर्यादा झाली. "ठेवा" ची वेगळी आहे. दीर्घकाळ जपायच्या एलटीओ कार्ट्रिजसाठी १६ ते २५ अंश आणि २० ते ५० टक्के आर्द्रता. तुमच्या लायब्ररीच्या कप्प्यांत ज्या टेप महिनोन्‌महिने बसून आहेत, त्या चालत नाहीयेत, ठेवलेल्या आहेत. त्यांना कुठली मर्यादा लावायची ते ठरवा.

रिळवाला
पैज जिंकलात. आर्द्रतेचा शब्द नाही.

बोलघेवडा
ड्राइव्हला स्वेटर आणि टेपला छत्री. झालं काम.

तर्कट
थोडा विरोध नोंदवतो. आमच्याकडे एक एलटीओ-५ चा ड्राइव्ह अडगळीच्या खोलीत होता, एसी नाही, खिडकी कायम बंद, कधी कधी ३३-३४ अंश. वर्षानुवर्षं चालला. एकही बॅकअप नापास झाला नाही. मॅन्युअल लिहिणारे आपली कातडी वाचवायला आकडे आवळून लिहितात असं माझं मत.

शीतलहर
चालला असेल. नशीब. तरी १८.

वातकुक्कुट
@तर्कट, "नापास झाला नाही" हा पुरावा टेपच्या बाबतीत फार कच्चा आहे. कारण सांगतो.

टेप ड्राइव्ह लिहिल्याबरोबर लगेच वाचून पाहतो. लिहिणाऱ्या हेडच्या मागोमाग वाचणारं हेड असतंच. एखादा तुकडा नीट उमटला नाही तर तोच पुढे पुन्हा लिहितो, आणि वरच्या सॉफ्टवेअरला याचा पत्ता लागत नाही. बॅकअप हिरवा. फक्त टेप ठरल्यापेक्षा आधी भरते आणि काम जरा जास्त वेळ घेतं. म्हणजे उष्णता, ओल, धूळ यांचा त्रास पहिल्यांदा दिसतो तो क्षमतेत आणि वेगात. एरर फार उशिरा येतो. तुमच्या एलटीओ-५ वर दीड टेराबाइट खरोखर बसत होते का? आणि त्यातल्या किती टेप दुसऱ्या ड्राइव्हवर, दुसऱ्या खोलीत वाचून पाहिल्या?

तर्कट
दुसऱ्या ड्राइव्हवर नाही पाहिल्या. टेप लवकर भरायच्या हे मात्र खरं. आम्ही म्हणायचो डेटा दाबला जात नाहीये (कॉम्प्रेशन).

वातकुक्कुट
तेही असू शकतं. पण पुनर्लेखनाचे आकडे ड्राइव्हच्या लॉगमध्ये असतात, बघून ठरवता आलं असतं.

स्पष्टवक्ती
एलटीओ-५ वरून एलटीओ-८ बद्दल बोलू नका, एवढंच सांगायला आले होते. पिढ्यांमध्ये टेप बदललेली आहे. पट्टीची रुंदी तीच, १२.६५ मिलिमीटर. पण एलटीओ-१ मध्ये, म्हणजे २००० साली, तिच्यावर ३८४ ट्रॅक होते. एलटीओ-८ मध्ये ६,६५६. एलटीओ-९ मध्ये ८,९६०. जागा तेवढीच आणि भाडेकरू वीसपटीहून जास्त.

आर्द्रा
स्पष्टवक्तींनी नेमकी जागा दाखवली. मला वाटतं या धाग्याचं उत्तर इथेच आहे, म्हणून पुन्हा लांबण लावते.

१२.६५ मिलिमीटर भागिले ६,६५६ करा. ट्रॅकच्या वाट्याला दोन मायक्रॉनही येत नाहीत. टेपचा पाया प्लास्टिकचा: पेट, पेन किंवा अ‍ॅरामिड. प्लास्टिक तापलं की पसरतं आणि ओल प्यायलं की फुगतं. पावसाळ्यात दार चौकटीत अडकतं तसंच हे, फक्त इथे फट मायक्रॉनची आहे. हेडवर ३२ घटक एका ओळीत बसवलेले असतात आणि सगळे एकदम लिहितात-वाचतात. सर्वो पट्ट्यांच्या (टेपवर आधीच आखलेल्या वाटदर्शक खुणांच्या) आधाराने ड्राइव्ह हेडला वर-खाली सरकवून मधल्या घटकांचं जमवून घेतो. पण टेप रुंदीला फुगली किंवा आकसली असेल तर मधले ट्रॅकवर आणि टोकाचे बाहेर, असं होतं. हेड धातू-सिरॅमिकचं, ते टेपच्या मापाने फुगत नाही.

म्हणून टेपला विचारायचा प्रश्न "किती थंड?" हा नाहीच. "लिहिताना जशी हवा होती, वाचतानाही साधारण तशीच आहे का?" हा आहे. १८ अंश कोरड्या हवेत लिहिलेली टेप ३२ अंश दमट हवेत वाचायला घेतली तर ड्राइव्हच्या कपाळाला आठ्या. @शीतलहर, तुमचे १८ त्यामुळे उपयोगाचे नाहीत, जोवर ते बारा महिने चोवीस तास १८ नाहीत.

स्पष्टवक्ती
यातूनच एलटीओ-९ चा तो कुप्रसिद्ध नियम आला. नवीन कार्ट्रिज पहिल्यांदा घातलं की ड्राइव्ह आधी त्याची मापं घेतो. सरासरी ४० मिनिटं, क्वचित २ तासांपर्यंत. लोक समजतात ड्राइव्ह अडकला आणि वीज बंद करतात. तो अडकलेला नसतो, त्या टेपला तिच्या सध्याच्या हवेत मोजत असतो. म्हणून ती मापं जिथे टेप वापरायची त्याच खोलीत, टेप त्या हवेला रुळल्यावर घ्यायची. ट्रकमधून उतरवून लगेच नाही.

एकओळी
वाखूसा (वाचनखूण साठवली).

खटपट्या
एलटीओ-८ ला हा मापाचा प्रकार नाही ना पण?

स्पष्टवक्ती
नाही, तो ९ मध्ये आला. पण ८ ला भौतिकशास्त्रातून सूट मिळालेली नाही :)

जुनं_खोड
अवांतर करतो, माफी असावी.

तुम्ही २ मायक्रॉनबद्दल बोलताय. १९५१ च्या युनिव्हॅक संगणकाची टेप धातूची होती, निकेलचा मुलामा दिलेली कांस्याची पट्टी, अर्धा इंच रुंद. ओल प्यायचा प्रश्नच नाही, वजन मात्र मनगट मोडणारं. वर्षभरात, १९५२ मध्ये, आयबीएमचा ७२६ आला तो प्लास्टिकची टेप घेऊन. मोठं रीळ झटक्यात थांबवता-चालवता येत नाही, म्हणून त्यांनी रिळाच्या आणि हेडच्या मध्ये निर्वात स्तंभ ठेवले. टेपचा फास त्या पोकळीत लोंबकळत राहायचा आणि झटका तो फास खायचा. त्या काळच्या संगणक खोल्या गारेगार असायच्या आणि त्यात टेपच्या खोल्यांचे नियम वेगळे असायचे. आता टेप डब्यात बंद झाली म्हणून लोकांना वाटतं तिला हवा लागत नाही.

चिकट टेपचा रोगही आठवतो. १९७०-८० च्या दशकांतल्या काही ध्वनिफितींचा बाइंडर (चुंबकीय कण पट्टीला धरून ठेवणारा चिकट थर) हवेतली ओल पिऊन विघटित व्हायचा, मग टेप हेडला चिकटून किंचाळायची आणि कण सोडायची. वाचवायची म्हणून ५० अंशांच्या थोड्या वर कित्येक तास मंद भाजावी लागायची, आणि तेवढ्यात नक्कल करून घ्यायची. आजच्या टेप त्या नव्हेत. पण ओल आणि टेप यांचं वैर जुनं आहे, हे विसरू नये.

बोलघेवडा
म्हणजे टेप भाजायचीसुद्धा सोय आहे. रिळवालांचा एसी बंद ठेवणारे तर दूरदृष्टीचे निघाले.

जुनं_खोड
ह.घ्या. (हलकेच घ्या) म्हणून घेतो. पण कोणी खरंच एलटीओ कार्ट्रिज भाजायला जाऊ नका.

एकओळी
ते "टेप? अजून?" राहिलंच.

वातकुक्कुट
@एकओळी, २०११ च्या फेब्रुवारीत जीमेलच्या काही वापरकर्त्यांचे खाते रिकामे दिसू लागले होते. सॉफ्टवेअरमधल्या दोषाने डिस्कवरच्या अनेक प्रती एकदम गेल्या. परत आणले टेपवरून. अजून.

आता मूळ मुद्द्याकडे. रिळवालांना कागदाचा आधार हवाय ना? घ्या. अ‍ॅश्रे या संस्थेच्या डेटा सेंटरसाठीच्या मार्गदर्शनात सुचवलेला पट्टा १८ ते २७ अंश. तुमच्या सर्व्हरवाल्यांनी २७ तिथूनच उचलले असणार. पण त्याच तक्त्याच्या तळाशी तापमान किती वेगाने बदलावं याची मर्यादा आहे. साध्या यंत्रसामग्रीला तासाला २० अंश. टेप ड्राइव्ह असलेल्या खोलीला तासाला ५ अंश. टेपचं नाव घेऊन लिहिलंय. एसी रात्री बंद, सकाळी पूर्ण जोरात चालू, असं केलं की पहिल्या तासात किती अंश उतरतात ते मोजा आणि तो आलेख बैठकीत ठेवा.

२७ वर मी भांडणार नाही. स्थिर २७, आर्द्रता आटोक्यात, चालेल. चालू-बंद नाही चालणार.

रिळवाला
@वातकुक्कुट, हे सोनं आहे. तासाला ५ हे कुठेच वाचलं नव्हतं.

शीतलहर
मी अजूनही म्हणेन २७ फार झाले. ड्राइव्हच्या आत हेडपाशी खोलीपेक्षा बरंच जास्त असतं. २७ ची हवा घेतली तर आत किती होईल?

खटपट्या
@शीतलहर, हा मुद्दा मात्र पटला. आणि त्यात अजून एक मेख आहे. खोलीतलं तापमान आणि ड्राइव्हच्या तोंडाशी असलेलं तापमान या दोन वेगळ्या गोष्टी. मॅन्युअलमधले ३५ ड्राइव्ह जी हवा आत ओढतो तिचे आहेत. एसीच्या भिंतीवरच्या आकड्याचे नाहीत.

आम्ही एका ठिकाणी पाहिलं: एसी २३ दाखवतोय आणि लायब्ररी तक्रार करतेय. रॅकमध्ये लायब्ररीच्या वर चार-पाच जागा रिकाम्या, झाकणपट्ट्या लावलेल्याच नाहीत. मागची गरम हवा त्या भोकांतून पुढे येऊन लायब्ररीच्या नाकात. वर एक नेटवर्क स्विच उलट्या दिशेने हवा फेकणारा, म्हणजे मागून घेऊन पुढे सोडणारा. झाकणपट्ट्या लावल्या, स्विच दुसऱ्या रॅकमध्ये नेला. एसीला हातही लावला नाही, तक्रार बंद.

रिळवाला, तुमच्या लायब्ररीच्या पुढच्या पट्टीवर एक तापमान-आर्द्रता नोंदवणारी डबी चिकटवा आणि आठवडाभर राहू द्या. त्याआधी कोणाशी वाद घालू नका.

मौनी
टेबलावरच्या सुट्या ड्राइव्हबद्दल कोणी बोललं नाही. त्याच्या शेजारी प्रिंटर आहे का?

रिळवाला
आहे. लेझर.

मौनी
हलवा.

मौनी
टोनरची पूड आणि कागदाचा धुरळा. ड्राइव्हचा पंखा हवा पुढच्या फटीतून ओढतो आणि ती टेपच्या वाटेवरून जाते. ड्राइव्ह जमिनीलगत, दाराजवळ, प्रिंटरशेजारी, गालिच्यावर ठेवू नये असं मॅन्युअलं उगीच सांगत नाहीत. थंडावा वाढवायला कोणी त्याच्यावर टेबलफॅन लावला असेल तर तोही काढा, खोलीभरची धूळ गोळा करून हेडवर नेऊन घालतो.

निशाचर
मौनी यांनी आयुष्यात पहिल्यांदा परिच्छेद लिहिला. टेपची ताकद.

तर्कट
धूळ झाली तर क्लीनिंग कार्ट्रिज आहेच की.

मौनी
ते ५० वेळा चालतं, आणि दर वेळी हेड थोडं घासतं. ड्राइव्ह मागेल तेव्हाच. औषध आहे, आंघोळ नव्हे.

आर्द्रा
घासण्यावरून आठवलं. दमट हवेत टेपचा पृष्ठभाग हेडला जास्त घासतो, घर्षण वाढतं. पण उलट टोकही वाईट. आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली गेली की स्थिर वीज साठायला लागते आणि टेप धूळ ओढून घेते. शीतलहर, तुमचे १८ अंश आणि अखंड चालणारा एसी यात काही खोल्या इतक्या कोरड्या होतात की आकडा १५ दिसतो. डबी विकत घ्याल तेव्हा आर्द्रता मोजणारी घ्या.

शीतलहर
बरं बाई. २२ वर तडजोड करतो.

निशाचर
अजून एक उष्णतेची गोष्ट, जिचा एसीशी संबंध नाही. रिळवाला, बॅकअपचा डेटा ड्राइव्हला पुरेशा वेगाने मिळतो का? अर्ध्या उंचीचा एलटीओ-८ ड्राइव्ह सेकंदाला ३०० मेगाबाइट घेऊ शकतो. एक गिगाबिटच्या तारेतून जेमतेम ११०-११५ मिळतात. ड्राइव्ह आपला वेग काही मर्यादेपर्यंत उतरवून घेतो, त्याखाली गेलं की थांबतो, मागे येतो, पुन्हा पळतो. तासन्‌तास हाच खेळ. मोटारी राबतात, टेप त्याच जागी घासली जाते, काम पुढे सरकत नाही. कानाला कळतं: सलग सूं आवाजाऐवजी कण्हत-कुंथत चाललेला ऐकू येतो. आधी डिस्कवर गोळा करून मग एका दमात टेपवर ओता.

वातकुक्कुट
+१. आणि अशा ड्राइव्हला कितीही गार हवा दिली तरी तो तसाच मरणार.

रिळवाला
डिस्कवर गोळा करूनच जातं, तेवढं बरं आहे. पण ड्राइव्ह स्वतः काही सांगतो का? म्हणजे तापला तर कळावं कसं?

स्पष्टवक्ती
सांगतो, ऐकणारा पाहिजे. टेपअलर्ट नावाची ठरलेली खुणांची यादी आहे, बहुतेक बॅकअप सॉफ्टवेअर ती वाचतात. क्रमांक २६ म्हणजे पंखा बिघडला, ३५ म्हणजे आर्द्रता मर्यादेबाहेर, ३६ म्हणजे तापमान मर्यादेबाहेर. २० आला तर आत्ता साफ करा, २१ आला तर साफसफाईची वेळ झाली. आयबीएमच्या एलटीओ ड्राइव्हवर पुढे एका अक्षराचा छोटा डिस्प्ले असतो, त्यावर १ दिसला की थंडाव्याची तक्रार. पंखा फिरतोय का बघा, हवेची वाट अडली आहे का बघा. उगाच तो १ पुसायला ड्राइव्ह बंद-चालू करू नका, १ पुसला जातो, कारण तसंच राहतं.

लिनक्सवर असाल तर एसजी-लॉग्ज या साधनाने ड्राइव्हचं तापमानाचं लॉग पान वाचता येतं. बॅकअप चालू असताना दर दहा मिनिटांनी नोंदवा आणि डबीच्या आलेखाशेजारी ठेवा. बैठकीत दोन आलेख बरे दिसतात.

तर्कट
कार्ट्रिजमधल्या चिपमध्ये तापमानाचा इतिहास नसतो का? ती एवढं सगळं लक्षात ठेवते.

स्पष्टवक्ती
ती किती वेळा लोड झाली, किती लिहिलं-वाचलं, चुका किती, असं ठेवते. कपाटात किंवा गाडीत असताना ती मुकीच, तिला वीज ड्राइव्हच्या वाचकाकडून मिळते. गाडीच्या डिकीत दुपारभर भाजली का, हे ती सांगणार नाही. वाहतुकीची वरची मर्यादा ४९ अंश आहे, आणि उन्हातली बंद डिकी ती सहज ओलांडते.

जुनं_खोड
बाहेरच्या तिजोरीतून टेप परत आणली की लगेच ड्राइव्हमध्ये खुपसू नये, हेही लिहून ठेवा. नियम असा की टेप जेवढा वेळ वेगळ्या हवेत होती तेवढा वेळ, आणि फार झालं तर २४ तास, ती नव्या खोलीत राहू द्यायची. प्लास्टिकच्या डबीतच. गार टेप दमट खोलीत उघडली तर तिच्यावर दव धरतं. आग लागलीय आणि रिस्टोअर आत्ता हवंय अशा वेळी हे कोणी ऐकत नाही, म्हणून आपत्तीच्या योजनेत आधीच हे तास मोजून ठेवायचे.

आर्द्रा
जुनं_खोड लाखमोलाचं बोलले. रुळायला वेळ लागतो तो तापमानापेक्षा ओलीमुळे. गुंडाळलेली टेप म्हणजे जवळजवळ एक किलोमीटर लांबीचा घट्ट गोळा. कडा चटकन ओल घेतात, आतले वेढे सावकाश.

एकओळी
उंचावर काय? (खरंच विचारतोय.)

वातकुक्कुट
विरळ हवा कमी उष्णता वाहून नेते. अ‍ॅश्रेच्या ए-१ आणि ए-२ या यंत्रसामग्रीच्या वर्गांत ९०० मीटरच्या वर दर ३०० मीटरला कमाल तापमानातून १ अंश वजा करायचा.

रिळवाला
डबी लावली होती, आकडे आले. सगळ्यांना लिहायलाच हवेत.

एसीच्या पट्टीवर २१ आणि लायब्ररीच्या तोंडाशी २७-२८! म्हणजे आत्ताच आम्ही २७ वर आहोत. प्रस्ताव अमलात आला असता तर तोंडाशी ३३-३४ गेले असते, तेही एसी चालू असताना. कारण खटपट्या म्हणाले तेच, रॅकमधल्या रिकाम्या जागा. पट्ट्या लावल्यावर तोंडाशी २३.

दुसरं, एक दिवस मुद्दाम रात्री एसी बंद ठेवून पाहिला (बॅकअप नसलेली रात्र निवडली). सकाळी एसी सुरू झाल्यावर पहिल्या तासात ८ अंश उतरले. आर्द्रता रात्री ४५ वरून ६८ वर गेली होती.

बैठकीत दोन्ही आलेख ठेवले. ठरलं ते असं: एसी बंद करायचा नाही, २४ वर स्थिर, आणि पट्ट्यांमुळे तोंडाशी तेवढेच राहतील अशी व्यवस्था. सर्व्हरवाले नाराज नाहीत, कारण २१ वरून २४ ही बचतच आहे.

खटपट्या
झाकणपट्ट्यांचा विजय असो.

तर्कट
आकडे पाहून मत बदलतो, निदान एलटीओ-८ पुरतं. पण मोठ्या ठिकाणी हे परवडेल? बाहेरची हवा आत घेऊन थंड करणारी डेटा सेंटर आहेत, तिथे तापमान दिवसभर हलतंच. पाच-दहा ड्राइव्हसाठी सगळी इमारत २४ वर धरायची?

वातकुक्कुट
नाही धरत. टेपला वेगळी खोली देतात. किंवा लायब्ररीच्या कपाटालाच स्वतःचा एसी. आयबीएमच्या टीएस-४५०० या मोठ्या टेप लायब्ररीला अंगचं शीतकरण घेता येतं, कपाटाच्या वर बसतं आणि आतली हवा आतच फिरवतं. बाहेरच्या खोलीत हवं ते चालू दे.

शीतलहर
मग रिळवालांनाही तेच सुचवा की, छोट्या प्रमाणावर. लायब्ररीभोवती काचेचा कप्पा करा आणि आत छोटा डिह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) ठेवा. आर्द्रतेचा प्रश्न कायमचा सुटला.

मौनी
कंप्रेसरवाला डिह्युमिडिफायर जेवढी वीज खातो ती सगळी आणि पाण्याची सुप्त उष्णता वर, असं मिळून आतच सोडतो. काचेच्या कप्प्यात ती भट्टी होईल.

शीतलहर
मग रासायनिक, ओल शोषणाऱ्या चाकाचा?

मौनी
तो तर आणखी गरम हवा सोडतो. ठेवायचाच तर कप्प्याबाहेर ठेवून नळीने कोरडी हवा आत आणा, आणि ती गार करून.

बोलघेवडा
म्हणजे डिह्युमिडिफायरला एसी. आणि त्या एसीला कोण बघणार?

रिळवाला
काचेचा कप्पा नको. खोलीचा एसी पुरतोय. प्रिंटर मात्र हलवला, हिशेब विभागाने तो आनंदाने घेतला.

मौनी
आता त्या टेबलावरचा ड्राइव्ह उघडून न बघता एकदा क्लीनिंग कार्ट्रिज घाला, आणि एक जुनी टेप पूर्ण वाचून चुका किती येतात ते इथे टाका.